सीताफळाखालची जागा

मी पंच झाले नाही. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझ्यासाठी उगाच आस लावून बसणार नाही. आमच्या चर्चच्या मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांच्या यादीत मागच्या वर्षी माझं नाव आलं, पंधरा दिवस राहिलं आणि काढलं गेलं. कारण असं देण्यात आलं, की मोठ्या जबाबदारीला जो विश्वासूपणा लागतो तो माझ्यात अजून दिसत नाही. मला तो शब्द चांगला ठाऊक आहे. तो मिळवायला मला कितीतरी वर्षं लागली, आणि ज्या बाईनं तो मला दिला तिला पुरून आता सहा आठवडे झाले. म्हणून हे लिहिते आहे. सावकाश लिहिते आहे, कारण घाईनं लिहिलं की काय होतं ते मी एकदा पाहिलं आहे.

मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. मंडळीत माझं काम म्हणजे गेलेल्या माणसाचा जीवनपरिचय लिहिणं. आमच्याकडं दफनाआधी उपासना होते. शवपेटी समोर ठेवलेली असते, आणि पाळकांच्या संदेशाआधी कुणीतरी उठून त्या माणसाचं आयुष्य वाचून दाखवतं. जन्म कुठला, बाप्तिस्मा कधी, शाळा, नोकरी, लग्न, मुलंबाळं, मंडळीतली सेवा, शेवटचा आजार. सगळं मिळून दीड पान. आधी हे बाबा करायचे. ते गेले तेव्हा त्यांचा परिचय मीच लिहिला, तो लोकांना बरा वाटला, आणि पुढचेही माझ्याकडं आले.

काम दिसतं तेवढं सोपं नाही. हातात तीन-चार तास असतात. बाहेर मांडवाच्या खुर्च्या उतरवत असतात, आत बायका बसलेल्या असतात, आणि मी वही घेऊन विचारायचं, कितवीपर्यंत शिकले होते? माणसं उत्तर देतात, आणि देता देता विचारल्यापेक्षा पुष्कळ जास्त बोलतात. नुकतंच माणूस गेलेल्या घरात तोंडाला कडी नसते. त्यातलं काय लिहायचं हे कुणीही शिकवू शकतं. काय लिहायचं नाही, हे मला बाबांनी शिकवलं नव्हतं. कदाचित शिकवता येत नसावं.

माझी चूक पाचव्याच परिचयात झाली, मावशीचे यजमान गेले तेव्हा. मावशी माझ्या नात्यातली नव्हती. मुलींच्या वसतिगृहात तिनं उभा जन्म स्वयंपाक केला, त्यामुळं निम्म्या मंडळीची ती मावशी. यजमान एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते. पडेगावला त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. मी गेले तेव्हा मावशी स्वयंपाकघरात ओट्याला पाठ लावून जमिनीवर बसली होती. मी शेजारी बसले. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "अकरा वर्सं थेंबाला शिवला नाय माझा माणूस. त्याच्या आधी लई प्याला. लई म्हंजे लई. पर सोडली ती सोडली."

मला ते वाक्य फार आवडलं. एका माणसानं अकरा वर्षं स्वतःशी केलेली झुंज. याहून मोठी साक्ष काय असणार? मी ते चांगल्या शब्दांत लिहिलं आणि माईकवर वाचलं. तिसऱ्या ओळीत मावशीच्या धाकट्या मुलीचे सासू-सासरे बसले होते. कन्नडकडची माणसं, लग्नाला दोन महिने झालेले. सुनेच्या वडिलांनी आयुष्यात दारू पाहिलेली नाही, असं त्यांना सांगितलेलं होतं.

दफन झाल्यावर दफनभूमीच्या फाटकापाशी मावशीनं माझा दंड धरला. ती ओरडली नाही. म्हणाली, "म्या तुझ्यापाशी बोलले व्हते. माईकपाशी नाय."

धाकटीला सासरी पुढं काय काय ऐकावं लागलं ते मी इथं लिहिणार नाही. एवढं तरी आता मला कळतं.

परिचयाचं काम माझ्याकडून काढून घेतलं गेलं, आणि ते योग्यच झालं. त्याबद्दल माझी तक्रार कधीच नव्हती. आमचे सचिव निवृत्त मुख्याध्यापक आहेत. लहानपणी रविवारच्या शाळेत मला त्यांनीच शिकवलं, आणि अजूनही ते मला पोरी म्हणतात. त्यांनी मला दाराशी उभं राहून गायनाची पुस्तकं वाटायला सांगितली. "छोटं काम आहे, पोरी," ते म्हणाले. "पण देव छोट्यापासूनच मोजतो." दोन वर्षं मी पुस्तकं वाटली. मावशी दर रविवारी यायची, माझ्या हातातलं पुस्तक न घेता बाजूच्या बाकावरच्या ढिगातून स्वतः उचलायची आणि आत जायची. शंभरएक रविवार. मी दर वेळी पुस्तक पुढं केलं, दर वेळी तिनं ढिगातलं घेतलं.

मग एका शनिवारी कॉलेज अर्धं सुटल्यावर मी पडेगावच्या रिक्षात बसले. काय बोलायचं ते ठरवलं होतं, पाठही केलं होतं. मावशी दारात डाळ निवडत होती. मला पाहून ती ये म्हणाली नाही आणि जाही म्हणाली नाही. थोड्या वेळानं तिनं दुसरं ताट माझ्यापुढं सरकवलं. मी डाळ निवडली. पाठ केलेलं तसंच राहिलं. निघताना ती म्हणाली, "ह्यात दोन खडे राह्यलेत." पुढच्या शनिवारी मी परत गेले.

असं किती महिने चाललं ते आठवत नाही. भिंतीला भिंत लागून शिवणकाम करणारं मुसलमान कुटुंब होतं. त्यांच्या घरातल्या म्हाताऱ्या बाईंना मावशी आपा म्हणायची. आपांनी एकदा भिंतीवरून विचारलं, "ये लडकी हर शनिच्चर आती, बोलती कुछ नहीं. गूंगी है क्या?"

"पढेली है," मावशी म्हणाली. "देर से खुलती."

मी हसले. मावशी हसली नाही, पण त्या दिवशी तिनं मला चहा दिला.

नंतर एकदा तिनं आपणहून सांगितलं, की ती हे घर बंद करून कायमची पुण्याला थोरलीकडं जाणार आहे. "कुणाला बोलू नको. अजून ठरायचंय." मला धक्काच बसला. तिच्याशिवाय मंडळीचा सण कसा होईल, वसतिगृहाच्या जुन्या मुली आल्या तर कुणाकडं जातील, असं मनात घोळत राहिलं. पण मी कुणाला बोलले नाही. महिनाभरानं तिनं मला विचारलं, "चर्चात मला कुणीच कसं इचारलं नाय पुण्याचं?"

"मी सांगितलंच नाही कुणाला."

"व्हय. तेच म्हन्ते."

मला समजायला जरा वेळ लागला. "म्हणजे तुम्ही जाणार नव्हताच?"

"मी कामून जाऊ पुण्याला? थोरलीच्या घरात मिठाचा डबा कुठंय ते मला ठावं नाय." आणि मग तिनं माझ्याकडं सरळ पाहिलं. "मीठ चाखल्याबिगर डाळ वाढत नसते मी."

मला राग आला होता. पन्नाशीला टेकलेल्या बाईची अशी परीक्षा घ्यायची? रिक्षात बसल्यावर मात्र मला त्या परीक्षेत पास झाल्याचा जो आनंद झाला, तसा एमएच्या निकालाला झाला नव्हता. पुढच्या रविवारी तिनं माझ्या हातातलं पुस्तक घेतलं. सचिव सरांनी ते पाहिलं असावं, कारण त्यानंतर जे मयत झालं त्याचा परिचय त्यांनी मला लिहायला सांगितला.

आता मूळ गोष्ट.

आमच्याकडं वर्षाला एकदा कापणीचा सण होतो. लोक घरचं काहीबाही आणून वेदीपाशी ठेवतात. ज्वारीची कणसं, भोपळा, कोंबडी, ऊस. मावशी दर वर्षी एकच सीताफळ आणायची. स्वच्छ रुमालात बांधून. लोक थट्टा करायचे, "मावशी, देवाला एकच? देवाच्या घरी माणसं किती!" ती म्हणायची, "ज्याला द्यायचं तो एकटाच हाय." आम्हाला वाटायचं, ती देवाबद्दल बोलते. तिच्या घरी सीताफळाचं झाड नव्हतं, हे दर शनिवारी तिथं जाऊनही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वीच्या सणाला ती रिकाम्या हातानं आली. त्या शनिवारी मी गेले तर डाळीचं ताट नव्हतं. तिनं दार लोटून घेतलं आणि सांगितलं.

थोरलीच्या आधी तिला एक मुलगा झाला होता. चार दिवस जगला. रविवारी बाप्तिस्मा व्हायचा होता, तो शुक्रवारी गेला. यजमानांनी चहाच्या खोक्याच्या फळ्यांची पेटी केली आणि सायकलच्या दांडीवर धरून दफनभूमीत नेली. तेव्हाचे पाळक मायाळू होते. त्यांनी मागच्या भिंतीजवळ जागा दाखवली, प्रार्थनाही केली. पण बाप्तिस्मा नाही म्हणून रजिस्टरात नाव नाही, आणि नाव नाही म्हणून दगड नाही. यजमानांनी तिथं सीताफळाची बी लावली. झाड लागलं, आणि त्या झाडाचं पहिलं फळ दर वर्षी सणाला यायचं.

झाड तोडलं त्या वर्षी, पावसाळ्यानंतर, पंचांनी भिंतीकडेनं सिमेंटचे ठोकळे बसवून वाट केली. ते मध्ये येत होतं.

"तिथं अजून बी हायेत," मावशी म्हणाली. "चार-पाच लेकरं. मला बायांची नावं ठावं हायेत, पर ते मी सांगनार नाय. तू एक पत्र लिही. वर, बिशपसाहेबाला. नाव घालू नको."

"नाव का नको? तुमचा हक्क आहे."

"आगं, मला त्याच्या बापाशेजारी पडायचंय. जागा हाय, पर चिठ्ठी कोन देतं? पंच. उद्या म्हन्ले जागा नाय, नव्या दफनभूमीत न्या, तर मी काय उठून भांडू?"

आमच्याकडं कुटुंबाच्या जुन्या कबरीशेजारी जागा द्यायची की नाही, हे पंच ठरवतात आणि तशी चिठ्ठी देतात. जुनी दफनभूमी भरत आली आहे. चिठ्ठीसाठी लोक वर्षानुवर्षं पंचांशी गोड बोलतात. मावशीची भीती खोटी नव्हती.

"आणि मी गेल्यावर?" मी विचारलं.

"मी गेल्यावर सगळं सांग. माझ्या परिचयात तीन लेकरं लिही. माईकवर सांग, लई जोरात सांग. मग काय, उकरून काढतेत का मला?"

ते पत्र मी लिहिलं. मागणी साधी होती. भिंतीलगतचे चार फूट ठोकळे काढावेत, त्या जागेला ठेंगणी कड घालावी, वाट थोडी आत घ्यावी. औरंगपुऱ्यातल्या एका टायपिंगच्या दुकानात ते टाइप करून घेतलं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, नीचे नाम?" मी म्हटलं, नाव नाही. त्यानं जराही आश्चर्य दाखवलं नाही. "अक्षर मोटा कर दूँ? साहब लोगां मोटाच पढते." मी हो म्हटलं.

साहेबांनी वाचलं. वरून पंचांना खुलासा मागणारं पत्र आलं, आणि पुढची बांधकामं थांबवा असंही आलं. ठोकळे मात्र होते तिथंच राहिले. मंडळीत नुसतं एवढंच चाललं, की लिहिलं कुणी?

त्याच सुमाराला दोन पंचांच्या जागा रिकाम्या झाल्या आणि सचिव सरांनी माझं नाव सुचवलं. मला ते त्यांनी स्वतः ग्रंथालयात येऊन सांगितलं. वर्तमानपत्रांच्या टेबलापाशी बसले, चष्मा पुसला. "दारात पुस्तकं वाटलीस. तोंडातून शब्द काढला नाहीस. ज्याला थोडं सांभाळता येतं त्याच्यावर पुष्कळ सोपवायचं असतं, पोरी. तुझे बाबा असते तर..." त्यांनी चष्मा परत पुसला. हे मी मुद्दाम लिहिते आहे. ते वाईट माणूस नाहीत. आणि मला ती जागा हवी होती, हेही लिहिते. बाबा पंच होऊ शकले नाहीत. आमच्या मंडळीत बाई पंच क्वचितच झाली. मला तिथं बसायचं होतं आणि सगळ्यात आधी ते ठोकळे काढायचे होते.

आठ दिवसांनी उपासनेनंतर मला मागच्या खोलीत बोलावलं. पाच पंच आणि सर. मध्ये टेबलावर ते टाइप केलेलं पत्र.

"निनावी पत्रं मी पुष्कळ पाहिली," सर म्हणाले. "त्यात शिव्या असतात. ह्यात स्वल्पविराम आहेत."

एक पंच हसले. मीही हसले असते.

"लिहिलं कुणी?" सरांनी विचारलं.

"मी लिहिलं."

त्यांनी हे उत्तर इतक्या लवकर येईल असं धरलं नव्हतं. "तुझं कुणी नाही तिथं. तुला काय माहीत तिथं कोण आहे? रजिस्टरात तिथं एकही नोंद नाही. मी स्वतः पाहिलं. चिखलात पेटी घसरली होती, तू होतीस ना तेव्हा? म्हणून वाट केली. कुणाच्या लेकरावर पाय द्यायला नाही केली."

"ते मला मान्य आहे, सर. तुम्हाला माहीत नव्हतं."

"मग सांग ना, कुणी सांगितलं? आम्ही कुणाला खाणार आहोत का? त्या माणसाला बोलावू, समजावू."

"नाही सांगणार."

दुसरे पंच म्हणाले, "बाई, तुम्ही आता पंच होणार. पंचांनी पंचांपासून लपवायचं नसतं. एवढ्याशा गोष्टीत तुमच्यावर भरवसा ठेवता येत नसेल, तर उद्या मोठ्या गोष्टीत कसा ठेवायचा?"

मी सहसा पटकन बोलत नाही. घरी गेल्यावर मला उत्तरं सुचतात. त्या दिवशी तिथंच सुचलं. "मी आत्ता तुम्हाला सांगितलं," मी म्हटलं, "तर उद्या तुमच्या घरात कुणी गेल्यावर तुमची बायको मला जे सांगेल, ते मी पुढच्या पंचांना सांगेन. तुम्हाला चालेल?"

सर म्हणाले, "पोरी, हट्ट करू नकोस. एक नाव. आणि सगळं जसं होतं तसं राहील."

"जसं होतं तसं राहिलं तर मावशीनं..." असं माझ्या तोंडात आलं होतं. अगदी ओठापर्यंत. रागात माणूस असाच फुटतो. मी तोंड मिटलं, पिशवी उचलली आणि उठले. आमच्यात म्हणतात तसं सलाम म्हणून बाहेर पडले. दुसऱ्या रविवारी सूचना-फलकावरच्या यादीत माझं नाव नव्हतं.

मावशीला मी एवढंच सांगितलं, की मी पंच होत नाही. तिनं डाळीचं ताट बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "मोडलं व्हय माझ्यापायी?"

"तुमच्यापायी नाही. त्यांना चाखायला दिलेलं मीठ आवडलं नाही."

तेव्हा ती हसली. तिचे पुढचे दोन दात पडले होते. तसं हसताना मी तिला परत पाहिलं नाही, कारण हिवाळ्यात तिला छातीचं दुखणं लागलं आणि तिचं हसणं खोकल्यात जाऊ लागलं.

ती एका मंगळवारी सकाळी गेली. पुण्याहून थोरली यायची होती म्हणून दफन बुधवारी ठरलं. चिठ्ठीसाठी दोन्ही जावई सरांकडं गेले. मी पडेगावच्या घरात बायकांमध्ये बसले होते आणि माझं सगळं लक्ष दाराकडं होतं. आपा कुराणातलं काहीतरी पुटपुटत मावशीच्या पायाशी बसल्या होत्या. दुपारी जावई परत आले. चिठ्ठी मिळाली होती. यजमानांशेजारी. सरांनी एक शब्दही न विचारता सही केली होती. त्यांना कधी काही कळलंच नव्हतं.

मी वही उघडली. त्याच ओट्याला पाठ लावून बसले. थोरलीला म्हटलं, "आईनं तुला तिच्या पहिल्या लेकराबद्दल कधी सांगितलं होतं?" ती म्हणाली, "मरायच्या आदल्या आठवड्यात. म्हणाली, ती लिहील, तिला अडवू नका." धाकटी शेजारीच होती. तिच्याशी मी इतकी वर्षं नजर मिळवू शकले नव्हते. तिनं माझ्या हातातलं पेन घेतलं, टोपण काढलं आणि परत माझ्या हातात दिलं.

बुधवारी उपासनेच्या आधी सर माझ्याजवळ आले. हल्ली परिचय पंचांनी आधी पाहायचा असं ठरलं होतं. मी कागद दिला. त्यांनी उभ्याउभ्या वाचला आणि एका जागी थांबले.

"तीन?"

"तीन."

"रजिस्टरात दोन आहेत."

"बाळंतपणं रजिस्टरानं केली नाहीत, सर."

त्यांचा चेहरा उतरला. तेव्हा त्यांना कळलं, पत्र मी कुणासाठी लिहिलं होतं ते. ते पेटीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "एवढी ओळ गाळ. आज नको. घरच्यांच्या दुःखात..." मी कागदासाठी हात पुढं केला. ते देईनात. मी म्हटलं, "तो तुमच्याकडं ठेवा. मला पाठ आहे."

आणि मी माईकपाशी गेले.

जन्म कन्नड तालुक्यातला, बाप्तिस्मा अठराव्या वर्षी, शिक्षण चौथी. वसतिगृहात किती मुलींना जेवू घातलं त्याची मोजदाद नाही. मग मी म्हटलं, तिला तीन मुलं झाली. थोरला मुलगा चार दिवस जगला. तो आपल्याच दफनभूमीत, मागच्या भिंतीजवळ, जिथं सीताफळाचं झाड होतं आणि आता सिमेंटची वाट आहे, तिथं आहे. त्याच्यासाठी ती दर वर्षी कापणीच्या सणाला एक फळ आणत असे, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. तिनं हे मला सांगितलं आणि इथून सांगायला सांगितलं. जोरात सांगायला सांगितलं.

मी जोरात सांगितलं होतं. माझा आवाज मुळात बारीक आहे, पण शेवटच्या बाकापर्यंत गेला. पाळकांनी बायबल उघडून वचन काढलं.

कबरीपाशी आमच्यात सगळे एकेक मूठ माती टाकतात. मी टाकली आणि बाजूला झाले. लोक फाटकाकडं निघाले. तेव्हा मी पाहिलं, मंडळीतल्या दोन म्हाताऱ्या बायका निघाल्या नव्हत्या. एकमेकींशी न बोलता त्यांनी ढिगाऱ्यातून आणखी एकेक मूठ घेतली, मागच्या भिंतीपर्यंत चालत गेल्या आणि ती माती ठोकळ्यांवर टाकली. एकीनं एका जागी. दुसरीनं चार पावलं पुढं. त्यांना जागा अचूक माहीत होती. मग थोरली गेली, धाकटी गेली.

दफनभूमीची देखभाल करणारा माणूस सवयीनं खराटा घेऊन वाटेकडं वळला. सरांनी हात वर करून त्याला थांबवलं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, म्हणून लिहिते. त्याबद्दल मी त्यांचे आभार मानलेले नाहीत. अजून ठोकळे तिथंच आहेत.

मागच्या रविवारी ते दाराशी आले. मी पुस्तकं वाटत होते. ते काम माझ्याकडं परत आलं आहे, आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. ते म्हणाले, दोन जागांपैकी एक अजून रिकामी आहे, नाव पुन्हा घालू का? मागचं सगळं आपण विसरून जाऊ.

मी म्हटलं, "नाव घाला, सर. पण विसरू नका. पत्र मी लिहिलं होतं आणि नाव सांगितलं नव्हतं, हे माझ्या नावाखाली लिहा. त्यासकट हवी असेन तर येते."

त्यांच्यामागं रांग लागली होती. मी गायनाचं पुस्तक पुढं केलं, त्यांनी ते घेतलं आणि आत गेले. फलकावर यादी अजून लागलेली नाही. मी शनिवारी पडेगावला जाते. मावशीच्या घराला कुलूप आहे, पण आपांनी भिंतीवरून मला एक कुंडी दिली आहे. मावशीनं मागच्या सणाच्या वेळी बाजारातून आणलेल्या सीताफळाच्या बिया त्यांनी तिच्याकडून मागून लावल्या होत्या. दोन रोपं आली आहेत. ठोकळे निघेपर्यंत ती कुंडीत वाढतील. ठोकळे नाही निघाले, तर एक ठोकळा उचलायला माझ्यासारख्या बाईला पहार पुरते.